वल्हवत जा, मग बुडी मारा

स्कूबा डायव्हिंगला इंजिनाची होडी लागतेच असं नाही, हे मालवणात कुणाला सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं आणि मग प्रश्न पडतात. माझा चुलत भाऊ तिथे पर्यटकांची नाव चालवतो. मी कॅलिफोर्नियात कयाकमधून डायव्हिंग करते हे ऐकल्यावर त्याने पहिलाच प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा विचारला. “अगो ताय, होडी रिकामी सोडून खाली जातलंस, आणि ती व्हावान गेली तर वर येवन बसतलंस खंय?”

समुद्रावर पोट असलेल्या माणसालाच हे सुचतं. त्याला उत्तर देता देता माझं एक मत पक्कं झालं, ते इथे मांडते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर स्कूबाचा धंदा उभा राहिला, आता तिथे वल्ह्याच्या डायव्हिंगलाही जागा मिळाली पाहिजे. थोडी, नेमून दिलेली, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांपुरतीच.

मी वाढले मालवणात. आजोबा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढणाऱ्यांच्या, संघात होते. नोकरीसाठी सॅन होजेला आले आणि डायव्हिंग शिकले ते इथल्या माँटेरेच्या उपसागरात. इथलं पाणी बाराही महिने गार असतं, साधारण दहा ते चौदा अंश. सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट घातल्याशिवाय उतरता येत नाही आणि तो सूट माणसाला बुडूच देत नाही, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. पाठीवरचा भरलेला सिलिंडर सोळा-सतरा किलोंचा. एवढं ओझं घेऊन किनाऱ्यावरून पोहत जायचं, तर केल्पच्या जंगलापर्यंत पोहोचेस्तोवर निम्मा दम संपतो. केल्प म्हणजे समुद्रतळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणारी अजस्र तपकिरी शेवाळं. ती पाहायलाच तर इथे लोक येतात. म्हणून कयाक.

ही कयाक नदीत दिसते तशी पोटात शिरून बसायची नसते. वरून बंद असलेल्या पोकळ प्लास्टिकच्या सांगाड्यावर बसायचं. लाट अंगावर आली तर पाणी भोकांतून आपोआप खाली निघून जातं. मागच्या खळग्यात जॅकेट आणि रेग्युलेटर जोडलेला सिलिंडर पट्ट्याने आवळून ठेवायचा. सूट किनाऱ्यावरच चढवायचा. जागेवर पोहोचलं की छोटा घडीचा नांगर टाकायचा, तो धरलाय का ते ओढून बघायचं आणि लाल कापडावर पांढरा तिरपा पट्टा असलेलं डायव्हरचं निशाण उभं करायचं. मास्क आणि फिन्स बसल्या जागीच चढवायचे. जॅकेटमध्ये हवा भरून, दोरीने कयाकला बांधून, ते सिलिंडरसकट पाण्यात सोडायचं. मग आपण उतरायचं आणि तरंगतं जॅकेट पाण्यातच अंगात घालायचं. वर येताना सगळं उलट्या क्रमाने. आधी वजनांचा पट्टा काढून कयाकवर ठेवायचा, मग जॅकेट काढून दोरीला अडकवायचं आणि पाय मारत पोटावर आडवं चढायचं. हे चढणं शोभिवंत नसतं, पण सरावाने जमतं. या सगळ्यात एकच नियम कडक आहे. प्रत्येक वस्तू बांधलेली हवी. जी बांधली नाही ती समुद्राची झाली.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. आपण नांगराच्या दोरीनेच खाली जातो आणि तळाशी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे नांगर बघणं. तो घसरतोय असं वाटलं तर बुडी तिथेच संपली. फिरून त्याच दोरीपाशी यायचं आणि त्याच दोरीने वर. काही जण तर नांगर न टाकता लांब दोरीने कयाक आपल्यामागे ओढतच नेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिथून पोहत किनारा गाठता येणार नाही अशा जागी कयाक न्यायचीच नाही. रिकामी होडी वाहून गेली तरी आपण घरी पोहोचलो पाहिजे, या हिशेबानेच जागा निवडायची. भाऊ यावर म्हणाला, “मग ठीक आसा.” त्याच्याकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.

मला महत्त्वाचं वाटतं ते या हिशेबातून माणसात काय घडतं ते. मोटरबोटीवरच्या डायव्हरसाठी निर्णय दुसरं कुणी घेतं. कुठे थांबायचं, करंट किती आहे, परत कधी निघायचं, सगळं नावाड्याच्या डोक्यात. कयाकवरचा डायव्हर किनाऱ्यावर उभा राहून वारा कुठून येतोय ते आधी बघतो. दोघांनी मिळून जायचं असतं, त्यामुळे जोडीदाराशी बोलावं लागतं, मतभेद झाले तर घाबरणाऱ्याचं ऐकावं लागतं. सिलिंडरमधल्या हवेसोबत दंडातल्या ताकदीचाही साठा राखून ठेवावा लागतो, कारण बुडीनंतर वल्हवायचं उरलेलंच असतं. समुद्र बरा नसेल तर सामान परत गाडीत टाकून नाश्ता करायला जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बोटीचं भाडं भरलेलं असलं की हेच परत फिरणं किती जड जातं ते डायव्हिंग करणारा प्रत्येक जण जाणतो.

मालवणात आज काय होतं? सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी पर्यटकाला नेतात, मास्क चढवतात, गाइड त्याला धरून काही मीटर खाली नेतो, माशांच्या घोळक्यात व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं, पाव टाकला जातो, आणि त्यासाठी गाइडला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पर्यटक व्हिडिओचेच पैसे देतो. या धंद्याने शेकडो घरांत पैसा आला. मासळी कमी होत चालली तेव्हा कोळी आणि गाबित कुटुंबांतल्या पोरांना गावातच काम मिळालं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. हे सगळं मी मनापासून चांगलं मानते.

पण पंधरा-वीस मिनिटांच्या त्या बुडीतून पर्यटक समुद्राबद्दल काहीच शिकत नाही, आणि धंदा पुढची पायरी चढत नाही. स्पर्धा उरते ती दराची आणि फेऱ्यांची. फेऱ्या वाढवायच्या म्हणजे नावा भरायच्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नाव बुडाली आणि दोघांचे प्राण गेले. कयाक हा त्यावरचा उपाय आहे असा माझा दावा अजिबात नाही. नवख्या पर्यटकाला कयाकमधून बुडी मारायला लावणं हा तर गुन्हाच ठरेल. मुद्दा वेगळा आहे. किनाऱ्यावर स्वतः समुद्र वाचणारे डायव्हर जितके जास्त, तितकी “आज नको” म्हणणारी तोंडं जास्त.

आणि समुद्र वाचण्याची विद्या आपल्याला कॅलिफोर्नियातून आणायची नाही. माँटेरेत दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून सगळे भल्या पहाटे उतरतात. हा नियम जसाच्या तसा मालवणात आणला तर घात होईल. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कयाकसारख्या हलक्या होडीला तो अलगद बाहेर नेतो आणि परतताना तोंडावर बसतो. दुपारी खारा वारा सुटला की तो किनाऱ्याकडे ढकलतो, पण लाटा उठवतो. मधली वेळ साधायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला करंट जोराचा, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, असते तेव्हा तो सौम्य. उपरचो वारो, म्हणजे उत्तरेकडचा जोराचा वारा, सुटला की मोठे ट्रॉलरसुद्धा बंदरात येतात, तिथे कयाकची काय कथा! देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथे सुकतीच्या वेळी पाणी कसं बाहेर खेचतं ते तिथलं शाळकरी पोरही सांगेल. आजोबांच्या पिढीला हे सगळं पाठ होतं, कारण त्यांच्या होड्या वल्ह्याच्या आणि शिडाच्या होत्या. इंजिन आलं आणि ही विद्या जुन्या माणसांपाशी राहून गेली. तिला पुन्हा कामाला लावणारा आणि वर पैसेही मिळवून देणारा मार्ग मला तरी दुसरा दिसत नाही.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. पहिला, पंख्यांचा. किल्ल्याभोवती मोटरबोटींची इतकी वर्दळ असते की पाण्यातून डोकं वर काढणाऱ्याचं काय होईल ही भीती रास्त आहे. दुसरा, जाळ्यांचा. कुणाचं जाळं कुठे पसरलंय हे बाहेरच्याला कळत नाही. तिसरा, प्रवाळांचा. १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे प्रत्येक हौशी माणूस आपापला नांगर टाकू लागला तर छोटा नांगरसुद्धा प्रवाळ फोडतो.

तिन्हींवर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. मोजक्या जागांवर तळाला कायमचे पक्के बसवलेले बोये ठेवावेत. कयाक त्याला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. मोटरबोटींनाही तेच बोये वापरता येतील, म्हणजे प्रवाळांचं रोजचं नुकसानही थांबेल. कयाकच्या डायव्हिंगला ठरलेल्या वेळा आणि ठरलेलं क्षेत्र असावं, पर्यटकांच्या गर्दीपासून लांब. किनाऱ्यालगत, दहा-बारा मीटरहून खोल नाही. पावसाळ्यात पूर्ण बंद. निशाण नसेल तर परवानगी नाही. डायव्हिंगचं प्रमाणपत्र, पोहण्याची चाचणी आणि रिकाम्या कयाकवर पाण्यातून चढून दाखवण्याची चाचणी, या तीन गोष्टी सक्तीच्या. आणि सोबत स्थानिक गाइड हवाच. तो आपल्या कयाकवर वर थांबेल, जाळी कुठे आहेत ते त्याला ठाऊक असेल, आणि त्याच्या “आज नको”वर अपील नसेल. त्याला मिळणारे पैसे नावेत बसवलेल्या डोक्यांवर मोजले जाणार नाहीत, त्याच्या जाणतेपणाचे मिळतील. इंधनाचा खर्च शून्य.

माँटेरेकडून घ्यायचाच असेल तर आणखी एक धडा आहे, तो कारभाराचा. शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात ज्युलिया प्लॅट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाई सत्तरी उलटल्यावर, १९३१ साली महापौर झाल्या. सार्डिनच्या कारखान्यांच्या घाणीने उपसागर नासत होता. बाईंनी आपल्या किनाऱ्याच्या व्यवस्थापनाचा हक्क गावाकडे घेतला आणि पाण्याचा एक तुकडा राखीव केला. आज त्या राखीव क्षेत्राला त्यांचं नाव आहे. तिथल्या सागरी पाणमांजरांपासून पाच कयाकांइतकं अंतर ठेवा, असं प्रत्येक वल्हवणाऱ्याला सांगितलं जातं. पाच कयाक हे माप कुणालाही डोळ्यांनी मोजता येतं.

मालवणात उलट घडलं. अभयारण्य वरून आलं, मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि राखायचं कुणी हा प्रश्न लोंबकळत राहिला. वल्ह्याच्या डायव्हिंगसाठी नियम करायचे तर ते मुंबईत बसून न करता मच्छीमार संस्था, स्कूबा व्यावसायिक आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून करावेत, बंदर खात्याने त्यावर शिक्का मारावा. नौदलाची निवृत्त ‘गुलदार’ निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याच्या मोठ्या प्रकल्पाला माझा विरोध नाही. मात्र त्या खर्चापुढे दहा-वीस बोये आणि गावातल्या पोरापोरींचं प्रशिक्षण ही अगदी किरकोळ रक्कम आहे, आणि त्यातून उभी राहणारी कुवत गावातच राहते.

सिंधुदुर्ग बांधताना महाराजांनी कुरटे बेट निवडलं त्यामागे भोवतालच्या बुडीत खडकांचा मोठा हिशेब होता. वाट माहीत असलेल्यालाच किल्ल्यापर्यंत होडी नेता येत असे. त्याच परिसरातल्या खडकांवर आज आपण पर्यटकांना मासे दाखवतो. ती वाट अजून ठाऊक असलेली माणसं मालवणात, दांडीला, देवबागला हयात आहेत. त्यांना बोलावून पहिल्या दहा-बारा गाइडांचा वर्ग या हिवाळ्यातच सुरू करता येईल. कयाक नंतरही विकत घेता येतील.