खोली आत घ्यावी की बाहेर?

माजलगावच्या एका भगिनीने विचारले आहे : "घरात आम्ही दोघं, तीन मुलं आणि सासूबाई. दहावीची परीक्षा झाली की इमॅजिकाला नेऊ, असा थोरल्याला शब्द दिलाय. पार्कला लागून असलेल्या हॉटेलात उतरावं की बाहेर खोपोलीत साधी खोली घ्यावी? मुलांचे अब्बा म्हणतात, रात्री झोपायलाच तर खोली लागते, जास्तीचे पैसे कशाला? आणि सासूबाई म्हणतात, माझे गुडघे दुखतात, नमाजची ओढाताण होते, मला घरीच ठेवा."

आधी शेवटच्या वाक्याचा विचार करू, कारण खोली कुठे घ्यायची हे त्यावरच ठरणार आहे. दादी येणार असतील तर हिशेब वेगळा होतो आणि येणार नसतील तर वेगळा.

इमॅजिका मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाजवळ, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. पार्क 2013 साली सुरू झाले आणि 2015 साली त्याला लागून नोव्होटेल उभे राहिले. तिथून पार्कच्या दारापर्यंत चालत जाता येते. आपण जे जादा पैसे मोजतो ते या चालत जाण्याचे. गादी बाहेरही मिळते, गरम पाणीही मिळते. सकाळी दहा-अकराला आत शिरून रात्री दिवे लागल्यावरच बाहेर पडणारे तरुण जोडपे असेल, तर मुलांच्या अब्बांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. खोपोलीत किंवा खालापुरात स्वच्छ खोली घ्यावी आणि उरलेल्या पैशांत मुलांना पोटभर खाऊ घालावे.

पण घरात वयस्कर माणूस किंवा अंगावर पिणारे बाळ असेल, तर खोलीची खरी गरज रात्री नसते, दुपारी असते. वुजूला निवांत जागा, पाय पसरायला पलंग, जोहरची नमाज घाई न करता, बाळाला पाजायला बंद दार. बाहेरची खोली दहा-पंधरा किलोमीटरवर असली की दुपारी तिथे परत जाणे होत नाही. एकदा गाडी काढली की दिवस मोडला. मग दादी कुठल्या तरी बाकड्यावर पर्स आणि चपला सांभाळत बसतात, आणि पुढच्या वेळी "मला घरीच ठेवा" म्हणतात.

इथे एक मेख आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोठ्या हॉटेलांत चावी साधारण दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला खोली सोडावी लागते. आता आपल्याकडचे लोक काय करतात? माजलगावहून गढी, पाथर्डी, नगर, पुणे असा साडेतीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून संध्याकाळी पोहोचतात, पार्कच्या हॉटेलात रात्र काढतात, सकाळी नाश्ता करून खोली सोडतात आणि मग पार्कमध्ये शिरतात. म्हणजे महागडी खोली घेतली ती नुसती झोपायला. जोहरच्या वेळेला, जेव्हा ती हवी होती, तेव्हा हातात चावी नाही! यापेक्षा बाहेरची खोली परवडली.

माझा सल्ला असा की पहिली रात्र बाहेर काढा आणि दुसरी आत. पहिल्या संध्याकाळी थकून पोहोचलेल्या माणसाला खोपोलीची साधी खोली पुरते. सकाळी सामान पार्कच्या हॉटेलात काउंटरवर ठेवायला द्या आणि सगळे आत जा. दोन-तीन वाजता चावी घ्या. जोहरची वेळ तेव्हा बाकी असते. दादी नमाज पढून पडतील, असरही तिथेच करतील आणि ऊन उतरल्यावर पुन्हा मुलांबरोबर फिरतील. रात्री पार्क बंद झाल्यावर दमलेल्या मुलांना घेऊन अंधारात रस्ता काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. फक्त पैसे भरण्याआधी एवढे फोनवर विचारा की त्याच तिकिटावर बाहेर पडून पुन्हा आत सोडतात का, आणि त्यासाठी हातावर शिक्का लागतो की पट्टी. उत्तर "नाही" आले तर आत राहण्याचे निम्मे कारण संपते.

सफरीत चार फर्जच्या दोन होतात, तेवढी सवलत आहेच. पण आपल्या हनफी घरांत जोहर आणि असर एकत्र पढत नाहीत. कोकणातले आपले शाफई नातेवाईक सफरीत त्या जमा करू शकतात, म्हणून "आम्हाला तर काही अडचण आली नाही" असे ते सांगतात तेव्हा हा फरक ध्यानात ठेवा. डिसेंबरात जाणार असाल तर असरपासून मगरिबपर्यंत जेमतेम दीड तास मिळतो आणि सहाच्या सुमारास मगरिब होते. मे महिन्यात मगरिब सातनंतर असते, पण दुपारचे ऊन दादींना सोसणार नाही. म्हणजे दोन्ही ऋतूंत दुपारची खोली कामाची, कारण मात्र निराळे.

पैशांचे बोलायचे तर भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका, कर धरून विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेले की 18 टक्के. समजा एक खोली 7,000 ला आहे आणि दुसरी 8,000 ला. पहिली पडते 7,350 ला, दुसरी 9,440 ला. हजाराचा फरक दोन हजारांच्या वर गेला. रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरला तर कधी कधी तीच खोली या रेषेच्या खाली येते. माणसे किती हेही आधीच सांगा. एका खोलीत साधारण दोन मोठे आणि एखादे लहान मूल धरतात. या भगिनींच्या घरी सहा माणसे, म्हणजे दोन खोल्या धरून चाला. मग आतली एकच खोली दादी, आई आणि धाकट्यांसाठी घेऊन बाप-लेकांनी दुसरी रात्रही बाहेर काढली तरी काही बिघडत नाही.

जाऊबाई, नणंदा मिळून दहा-बारा माणसे निघणार असतील तर हा सगळा हिशेब विसरा. खोपोली, कर्जत, लोणावळा या पट्ट्यात भाड्याचे बंगले मिळतात. स्वयंपाकघर असलेला बंगला घ्या, गोश्त आपल्या हाताने आणा, आपण शिजवा. मात्र "घरात मांस शिजवायला हरकत नाही ना?" हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. पुष्कळ मालकांना ते चालत नाही, आणि मटणाची पिशवी घेऊन दारात उभे राहिल्यावर ते कळण्यात मजा नाही.

आत राहण्याची खरी अडचण खाण्याची आहे. आवारात स्वयंपाकघर त्यांचे, बाहेरचे अन्न पार्कात सहसा नेऊ देत नाहीत, बाळाच्या खाण्याला तेवढी मुभा असते. "चिकन हलाल आहे का?" असे विचारले की "हो हो" असेच उत्तर येते. त्याऐवजी "मांस कुणाकडून घेता, प्रमाणपत्र आहे का, त्याचा फोटो पाठवाल का?" असे विचारा. फोटो आला तर बिनघोर खा, नाही आला तर भाजी, डाळ, अंडी, मासळी यांवर एक दिवस सहज निघतो.

मुलींना वॉटर पार्कात जायचे असेल तर सुती सलवार-कमीज घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉन किंवा लायक्रा लागते. अंगभर, डोके झाकणारा तसा पोशाख बाजारात मिळतो. चालतो का, ते विचारून घरूनच न्यावा.

एका दुसऱ्या घराने रामोजी फिल्म सिटीबद्दल विचारले आहे. तिथे माझे मत उलटे आहे. 1996 साली सुरू झालेली ही नगरी हैदराबादच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर, विजयवाडा महामार्गाला आहे. आवारातच सितारा, तारा अशी लहान-मोठ्या खर्चाची हॉटेले आहेत. पण जागा इतकी पसरलेली की आत बसने फिरवतात, मनात आले आणि खोलीवर गेलो असे होत नाही. उलट शहरात राहिलात तर गल्लोगल्ली हलाल जेवण, जवळ मशीद, संध्याकाळी चारमिनार. परळीहून बिदर, विकाराबाद मार्गे रेल्वे आहे. गाडी नामपल्लीपर्यंत जात असेल तर तिथूनच मेट्रो धरा, ती मलकपेट, दिलसुखनगरवरून थेट एल. बी. नगरला नेते. पुढचा रस्ता बसचा किंवा रिक्षाचा.

आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पुष्कळ घरांचे हैदराबादला कुणी ना कुणी असतेच. "खाला असताना हॉटेल कशाला?" हा प्रश्न येणारच. एक जेवण खालाकडे जरूर घ्या. पण सहा माणसांचे तीन दिवस म्हणजे खालाच्या सुनेने तीन दिवस चुलीपुढून हलायचे नाही. खोली मलकपेटला घ्या आणि खालाला मिठाई न्या.

दिवस ठरवताना शुक्रवार शहरात ठेवा. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, तरी हैदराबादला जाऊन मक्का मशिदीत जुमा चुकवावा असे कुणाला वाटणार? सालारजंग संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते, ते शनिवारवर टाका. रामोजीला त्याआधी, गुरुवारी जाऊन या.