खुणांची यादी आणि रुग्णाचा जीव

नवे औषध द्यावयाचे तर डॉक्टर पुरावा मागतो. रुग्णालयाचा कारभार बदलावयाचा तर त्याचे चालक तसा पुरावा मागतात काय? कीरन वॉल्श व थॉमस रंडॉल या अभ्यासकांनी २००१ साली हा प्रश्न विचारला. वैद्यकात रुजलेली पुराव्याची शिस्त व्यवस्थापनात फार मागे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे संशोधनास आदर मिळूनही ते निष्फळ कसे ठरते, याचा धडा कॅनडाने दिला.

शस्त्रक्रियेतील चुका टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबून सर्वांनी ती पडताळावयाची. नवी दिल्ली व टोरांटोसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर, तर गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओने २०१० मध्ये यादीच्या वापराचा अहवाल देणे सक्तीचे केले. बहुतेक रुग्णालयांनी जवळजवळ पूर्ण पालन झाल्याचे कळविले. परंतु तेथील १०१ रुग्णालयांच्या पाहणीत, २०१४ साली, मृत्यूंचे प्रमाण शेकडा ०.७१ वरून ०.६५ एवढेच उतरलेले आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

मग पहिले संशोधन खोटे होते काय? पहिल्या पाहणीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, दुसरीचा काळ आखूड होता. हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तथापि आमच्या मते खरे मर्म निराळे आहे. आठ रुग्णालयांत आधी उणिवा मोजल्या गेल्या, त्या स्थानिक प्रमुखांपुढे ठेवल्या गेल्या, त्यांनी सहकाऱ्यांस शिकविले. आदेशाने कागद तेवढा पोहोचतो. ही मेहनत पोहोचत नाही. ज्येष्ठ शल्यवैद्यास परिचारिकेने 'थांबा' म्हणण्याचे धैर्य परिपत्रकातून येत नसते.

आपल्याकडील रुग्णालयांच्या चालकांनी हे ध्यानी घ्यावे. यशाची वार्ता ऐकून परिपत्रक काढणे म्हणजे संशोधनाचा उपयोग नव्हे. ते यश कोणत्या परिस्थितीत लाभले, ती परिस्थिती आपल्याकडे आहे काय, आणि फळ कसे मोजणार, या प्रश्नांची उत्तरे निर्णयाआधी लेखी मांडली जावीत. भरलेल्या खुणा मोजणे सोपे आहे. वाचलेले जीव मोजणे हेच चालकांचे कर्तव्य होय.