सामायिक, म्हणून बेवारस?

ओपन सोर्स प्रकल्पांमध्ये श्रेयाचा आग्रह धरणे हा निव्वळ व्यक्तिवाद होय, असे आपले काही साथी अलीकडे सांगू लागले आहेत. कोड सर्वांचा, मग एका प्रकल्पातून दुसऱ्यात नेताना तो लिहिणाऱ्याचे नाव कशाला, असा त्यांचा सवाल. ऐकायला हा युक्तिवाद मोठा क्रांतिकारक वाटतो. वस्तुतः त्याने सोय होते ती भांडवलाची.

केएचटीएमएलचे उदाहरण घ्या. वेबपृष्ठ वाचून ते पडद्यावर मांडणारी ही प्रणाली केडीई प्रकल्पातील स्वयंसेवकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस उभी केली. जानेवारी २००३मध्ये ॲपल कंपनीने सफारी हा ब्राउझर जाहीर केला, तो याच पायावर. कंपनीने केडीईचे आभार मानले, परवान्यानुसार बदललेला कोडही खुला केला. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती! पण तो कोड येई एकगठ्ठा. कोणता बदल कोणत्या दोषासाठी, कोणत्या क्रमाने केला, याची नोंद कंपनीच्या कपाटात बंद. एप्रिल २००५मध्ये सफारीच्या विकासकांनी ॲसिड-२ ही चाचणी पार केली, तेव्हा लोक केडीईच्या मंडळींनाच विचारू लागले की, कोड मुळात तुमचा, मग तुम्हीच मागे का? ज्यांनी पाया घातला त्यांच्यावर खुलासे देण्याची पाळी आली. त्यांनी जाहीर तक्रार केली, आणि जूनमध्ये कंपनीने बदलांचे दप्तर उघडले.

मानधनावाचून राबणाऱ्याजवळ आपल्या श्रमाचा दुसरा पुरावा कोणता? रोजगार हमीच्या हजेरीपटातून नाव गळले की मजुरी बुडते, हे आपल्या कार्यकर्त्यांना कोणी शिकवायला नको. तेथे नावाचा आग्रह धरणाऱ्या मजुराला आपण व्यक्तिवादी म्हणतो काय? सामायिक मालकीला तर हिशेब अधिकच काटेकोर हवा. सहकारी संस्थेचे दप्तर ज्याने एकदा तपासले आहे त्याला हे पटेल.

आणि दोष केवळ कंपन्यांचा नाही. एका स्वयंसेवी प्रकल्पाने दुसऱ्याची फाईल उचलावी, सारा इतिहास झटकून ती आपल्याच नावाने एका फटक्यात नोंदवावी, हा प्रकारही तितकाच निंद्य आहे. ‘साधन नाही’ ही सबब चालणार नाही. गिटमध्ये कोडचा लेखक आणि तो समाविष्ट करणारा, या दोघांची नावे स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. ती वापरायला क्षणभर लागतो.

ॲपलची शाखा पुढे गूगलने क्रोमसाठी घेतली आणि २०१३मध्ये तिला स्वतंत्र फाटा फोडला. क्रोम आजही संकेतस्थळांना आपली ओळख सांगताना ‘केएचटीएमएल’ हा शब्द उच्चारतो. मूळ केएचटीएमएल मात्र केडीईने २०२४च्या आपल्या नव्या पिढीतून वगळले. त्याचे सारे खापर ॲपलवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण दप्तर पहिल्या दिवसापासून उघडे असते, तर त्या स्वयंसेवकांना निदान बरोबरीने चालता आले असते.