टाके मोजले, गाठी सोडल्या

कापसावरील 11 टक्के आयात शुल्काची माफी 30 सप्टेंबर 2025 पर्यंतच राहील, असे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सांगणाऱ्या केंद्र सरकारने दहा दिवसांत ती 31 डिसेंबरपर्यंत लांबवली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, वरोरा भागांतील कापूस ज्या महिन्यांत बाजारात उतरतो, नेमके तेच महिने परदेशी गाठींना मोकळे करून दिले. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादल्याने कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा, हे कारण खोटे नाही. पण अमेरिकेच्या हट्टाची भरपाई कास्तकाराच्या खिशातून का, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

तयार कपड्यापाशी मात्र हेच सरकार कमालीचे काटेकोर होते. सीमाशुल्काच्या दरपत्रकातील प्रकरण 61 हे होजिअरीच्या, म्हणजे ताणा-बाण्याऐवजी धाग्याचे फासे एकमेकांत गुंफून केलेल्या कपड्यांचे आहे, आणि त्यातील 6106 हे शीर्षक स्त्रियांच्या ब्लाऊज-शर्टांसाठी आहे. कमरेखाली खिसा असेल, खालची कड आवळण्याची सोय असेल किंवा एका सेंटिमीटरमध्ये सरासरी दहापेक्षा कमी टाके असतील, तर तोच कपडा या शीर्षकातून बाद होतो. पुढची उजवी बाजू डावीवर येत असेल तर कपडा बाईचा, डावी उजवीवर येत असेल तर पुरुषाचा, आणि बेतावरून काहीच उमगत नसेल तर तो बाईचाच मानावा, असेही तेथे लिहिलेले आहे. हे नियम जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सामायिक पद्धतीतून आलेले असून ते निरर्थक नाहीत, कारण कपडा कोणत्या ओळीत पडतो यावरूनच त्याचा दर निघतो, आणि काही ओळींत तर टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांपैकी जे जास्त ते आकारले जाते.

यातील विसंगती अशी की, बांगलादेशसारख्या अल्पविकसित शेजाऱ्याच्या कपड्यांना साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील 2011 च्या सवलतीमुळे मूळ सीमाशुल्क शून्य आहे, आणि म्हणूनच 17 मे 2025 रोजी त्यांना आवर घालताना सरकारने दराला हात न लावता वाटच बदलली व हा माल न्हावा शेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून येईल असे ठरवले. होजिअरीचे कापड कमी किमतीचे दाखवून आत येते, ही गिरण्यांची तक्रारही फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात तत्परतेने ऐकली गेली आणि नऊ ओळींवर 20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जे जास्त ते शुल्क बसले. कापडाला किलोमागे कुंपण मिळाले. त्याच धाग्याच्या मुळाशी असलेल्या कापसाचे होते ते कुंपणही काढून घेतले गेले. गिरणीचा आवाज दिल्लीत पोचतो, कास्तकाराचा जिनिंगच्या फाटकापाशीच विरतो, हा भेद दरपत्रकाच्या कोणत्याही टिपेत लिहिलेला नसला तरी दरपत्रक त्यावरच चालते.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा हा भाताचा तालुका, त्यामुळे कापसाच्या भावाशी त्याचा संबंध नाही असे वरवर वाटेल. दक्षिण गडचिरोलीतील मजूर मात्र हंगामात वेचणीला आणि मिरची तोडणीला बाहेर पडतात, वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि भाव पडला की कास्तकार पहिली काटकसर त्याच मजुरीत करतो. आठवडी बाजारात लेगिंग चार पैशांनी स्वस्त झालीच, तरी ती घेणाऱ्या बाईच्या हातात त्या हंगामाची मजुरी किती उरली, हे कोणतेही शीर्षक मोजत नाही.

हमीभाव आहेच, असे यावर सांगितले जाईल. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 च्या हंगामासाठी क्विंटलमागे 8,110 रुपये जाहीर झाले होते. हा भाव पदरात पाडून घेण्यासाठी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर जावे लागते, आणि तेथे सरकारला मोजमापाची पुन्हा आठवण होते: ओलावा 12 टक्क्यांच्या वर दिसला की परतीच्या पावसात भिजलेल्या कापसाची गाडी आल्या वाटेने परत, आणि तिची वाट पाहत फाटकाबाहेर खासगी व्यापारी उभा.