बोली लावण्याआधी घरचा माळा उघडा

लिलाव हा शब्द मराठी माणसाच्या कानाला फारसा गोड लागत नाही. बाजार समितीतला कांद्याचा लिलाव सोडला, तर बाकी लिलाव म्हणजे जप्ती, बँकेची नोटीस आणि गावभर चर्चा. त्यामुळे परदेशात नोकरी करणारी आमच्या पिढीतली मंडळी मोबाइलवर जुन्या फर्निचरसाठी हौसेनं बोली लावताना पाहिली की घरच्या मोठ्यांना नवल वाटतं. "दुसऱ्याच्या घरातली जुनी कपाटं कशाला आणता रे?" हा प्रश्न मस्कतमधल्या माझ्या बऱ्याच मित्रांनी ऐकलाय. मीही ऐकलाय.

गंमत म्हणजे हा शब्दही समुद्रावरूनच आलेला. आपला 'लिलाव' पोर्तुगीजांच्या 'लैलाँव'वरून आला आणि तो पोर्तुगीज शब्द मुळात अरबी असल्याचं भाषाभ्यासक सांगतात. हेच पोर्तुगीज १५०७ ते १६५० या काळात मस्कतमध्येही ठाण मांडून होते. म्हणजे शब्द फिरून पुन्हा आखातात आला म्हणायचा!

जुनं फर्निचर घ्यावं का? माझं उत्तर आहे, जरूर घ्यावं. मॉलमधलं भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट एकदा जोडलं की ठीक. पण घर बदलताना दुसऱ्यांदा खोललं की स्क्रू पकड सोडतात. दर उन्हाळ्यात, कुटुंबं कायमची परत जायला लागली, की इथल्या इमारतींखाली कचऱ्याच्या पेट्यांशेजारी अशी कपाटं आणि गाद्या पडलेल्या दिसतात. याउलट लाकडात लाकूड बसवून केलेलं सागवानी कपाट सुतार पुन्हा सारखं करू शकतो. त्यासाठीचं झाड कधीच तोडून झालंय. ते वापरात राहिलं, तर नवीन कपाटाची गरजच उरत नाही. 'सस्टेनेबल' या शब्दाचा मला कळलेला सरळ अर्थ एवढाच.

ओमानमध्ये तर या हौशीला आपल्या किनाऱ्याशी जोडणारा एक धागा आहे. इथे इमारती लाकडाची झाडं जवळजवळ नाहीतच, म्हणून जहाजांसाठी आणि दरवाजांसाठी लाकूड पूर्वापार हिंदुस्थानातून यायचं. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी सूर इथे 'सोहार' हे जुन्या पद्धतीचं जहाज बांधलं, तेव्हाही लाकूड मलबारहून आणलं होतं आणि फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या होत्या. ते जहाज चीनपर्यंत जाऊन आलं. आज ते अल बुस्तानजवळच्या चौकात उभं आहे. पितळी खिळ्यांनी मढवलेली इथली लाकडी पेटी, म्हणजे 'मंदूस', पूर्वी नवरीच्या सामानात असायचीच. जुन्या मंदुसांमध्ये साग आणि शिसव दिसतो. मात्र मत्रा सूकमध्ये 'जुनी' म्हणून दिसणाऱ्या पेट्यांपैकी बऱ्याच भारतात नव्यानं बनवून, जुनं रूप देऊन आणलेल्या असतात. म्हणून वरची नक्षी बघून भुलू नका. झाकण उघडा, पाठीमागची फळी बघा, बिजागरी आणि खिळे तपासा. शंभर वर्षं हाताळलेली वस्तू सगळीकडून सारखी झिजत नाही. लिलावात तर माल 'आहे तसा' विकला जातो, परत घेत नाहीत. बोलीच्या रकमेवर लिलाववाल्याचं कमिशन आणि हमालीही धरा.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपण इकडे दुसऱ्यांच्या आजोबांच्या पेट्यांवर बोली लावतोय आणि तिकडे आपल्या आजोबांची पेटी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतेय. वाडा पाडायला काढला की सागवानी खांब, तुळया, दरवाजे पाडकाम करणारा ठेकेदार एकरकमी उचलतो. तेच लाकूड पुढे एखाद्या हॉटेलात टेबल होऊन बसतं आणि सुट्टीत आपणच त्याचे फोटो काढतो.

चंडीगडचं उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारं आहे. पिएर जानरे यांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या होत्या. मोडल्या म्हणून त्या गोदामात गेल्या, तिथून भंगाराच्या लिलावात. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत लाखांनी विकल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला बंदी घातली, तोवर बऱ्याच गेल्या होत्या. लिलाव दोन्हीकडे झाला. फरक एवढाच, की एका लिलावात वस्तू काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी सुचवतो की पहिली बोली घरात लागू द्या. आमच्या वाईच्या घराचा पुनर्विकास ठरला तेव्हा आम्ही चुलत-आत्ते भावंडांनी तसंच केलं. प्रत्येक वस्तूचा फोटो, मोजमाप आणि सुतारानं सांगितलेला दुरुस्तीचा खर्च अशी यादी ग्रुपवर टाकली. अट एकच होती: ज्याची बोली, त्यानं दुरुस्त करून वापरायचं, गोदामात ठेवायचं नाही. पैसे आजीच्या खात्यात. आजी आधी नाराज झाली. "माझ्या डोळ्यांदेखत लिलाव?" मग तिनंच एकेका वस्तूची कमीत कमी किंमत सांगितली. देव्हारा मात्र यादीतून काढायला लावला. देवाला बोली नाही, एवढंच म्हणाली. शिसवी पलंग कोल्हापूरच्या आत्तेबहिणीकडे गेला, कारण तिच्याकडे तो मावेल अशी खोली होती. पितळी कड्यांचा झोपाळा पुण्यात काकांकडे. आजोबांचं लिहायचं मेज मी घेतलं, पण ते आई-बाबांकडेच आहे. दोन वस्तूंवर कुणीच बोली लावली नाही. त्या सुताराला दिल्या, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. नाहीतर अशा वाटण्यांत वर्षानुवर्षांचा अबोला होतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय.

"तुम्हा परदेशवाल्यांना जुन्याचं प्रेम येतं, वाळवी आम्ही काढायची," हे गावाकडच्या नातेवाइकांचं म्हणणं खोटं नाही. बोलीचं उत्तर त्यालाच आहे. प्रेम असेल तर खर्च आणि जागा दाखवा. नसेल तर वस्तू हक्कानं दुसऱ्याला जाऊ द्या.

मेज मस्कतला का नाही आणलं, असंही विचारतात. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. वस्तू जुनी दिसत असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. शिसव २०१७ पासून 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे शिसवी पलंगासारखं जड सामान न्यायला वेगळा परवाना लागतो. शिवाय कृष्णाकाठच्या पावसाळ्याला सरावलेलं लाकूड इथल्या कोरड्या एसीत आकसतं, फळ्यांना चिरा जातात. समुद्रापार नेऊन चिरा पाडायच्या, यात पर्यावरणाचं भलं ते काय? इथे भाड्याच्या फ्लॅटसाठी परत निघालेल्या कुटुंबाचं चांगलं लाकडी सामान घ्यावं, जाताना पुढच्याला द्यावं.

जून-जुलैत बरेच जण सुट्टीवर गावी जातील. खरेदीच्या यादीत एक काम वाढवा. माळा उघडा, टेप घेऊन मोजमाप करा, ओळखीच्या सुताराला एकदा बोलवा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की कुठली वस्तू कुणी, कधी केली. ते सांगणारी माणसं आहेत तोवरच हे विचारून घ्यायला हवं. एकवार, दोनवार, तीनवार म्हणायला नंतर वेळ आहेच.