सालीला भाव हवा, तर आधी फवारणी बघा



माल घेऊन मुंबईला गेलात तर दादरच्या एखाद्या ज्यूसवाल्याची बादली बघा. डाळिंबाच्या सालींनी काठोकाठ. दाणे ग्लासात, साल कचऱ्याच्या गाडीत. पण खत-पाणी आपण सगळ्या फळाला घातलेलं असतं, आणि फळाच्या वजनात साल नि आतला पडदा मिळून निम्म्याच्या आसपास जातो.

तिथेच दादरला, गिरगावात कोकणी मालाच्या दुकानात साल पैसे देऊन विकत घेतात. आमसूल म्हणजे दुसरं काय? रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवलेली कोकमाची साल. बीसुद्धा वाया जात नाही, तिच्यापासून मुठेल होतं, टाचांच्या भेगांना लावायला. कोकणातल्या बायाबापड्यांनी हे कधीचं ओळखलंय.

आता अँटीऑक्सिडंट म्हणजे काय, ते लालबागच्या चिवडा गल्लीत कळतं. तळलेला माल हवेला लागला की दिवसागणिक खवट होत जातो. ते लांबवायला तेलात टीबीएचक्यूसारखं रसायन घालतात. कायद्याने त्याला किलोला 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हेच काम डाळिंबाच्या सालीतला अर्क करतो, तेल खवट व्हायला वेळ लागतो हे प्रयोगांत दिसलंय. सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. द्राक्षाच्या बिया, आंब्याची कोय यांच्यातही असे घटक आहेत.

हे ऐकून लगेच साली वाळवून पावडर विकायला निघू नका. माझं म्हणणं इथेच आहे.

कोकमाच्या झाडावर सहसा कोणी फवारत नाही. आपण डाळिंबावर तेल्यासाठी, फुलकिड्यांसाठी किती वेळा पंप चालवतो ते आपल्यालाच माहीत. औषध सगळ्यात जास्त बसतं सालीवर. त्यात ओली साल वाळली की वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. पाणी उडतं, पण सगळं औषध काही उडत नाही. म्हणजे किलोमागे अंश तिपटीपर्यंत जाऊ शकतो. दाणे तपासणीत पास झाले म्हणून साल पास होत नाही.

म्हणून ज्याला साल विकायची आहे त्याने दोन-चार झाडांपासून नाही, वेगळ्या प्लॉटपासून सुरुवात करावी. फवारणीची वही ठेवावी, लेबलवरचे काढणीपूर्व दिवस पाळावेत. तेल्याचं, बुरशीचं फळ त्यात घालू नये. नुसतं उन्हाने तडकलेलं, आतून चांगलं फळ चालेल. साल धुवून सावलीत कडक वाळवावी आणि विकण्याआधी सालीचाच अंश-अहवाल काढावा. हा खर्च एकट्याला झेपत नाही, गटाने किंवा शेतकरी कंपनीने करावा.

आणि कृषी सल्लागार मंडळींना हात जोडून विनंती. तुमचं वेळापत्रक फळ बाजारात जाईपर्यंतचं असतं. साल माणसाच्या पोटात जाणार असेल तर कोणतं औषध वगळायचं, तेही एकदा लिहून द्या. त्याशिवाय सालीचा धंदा उभा राहणार नाही, आणि राहिला तरी पहिल्याच नापास नमुन्याला आडवा होईल.