‘मामा नाही’चे ‘बाबा दाही’

मराठीच्या प्राध्यापकाला ‘म’ आणि ‘न’ म्हणता येऊ नयेत, याहून मोठी नामुष्की ती कोणती? अमरावतीला वर्गात अनुनासिके शिकवीत होतो. उदाहरण दिले, ‘मामा नाही’. मुलांना ऐकू आले, ‘बाबा दाही’! मागच्या बाकांवर खसखस पिकली.

दिवाळीला अकोल्याला घरी गेलो, तर आई म्हणाली, “काऊन रे, असा नाकात बोलून राह्यला?” खरे म्हणजे आवाजाला नाकात जायला वाटच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅस घरभर पसरला आणि मी तिथेच बसून वर्तमानपत्र वाचीत होतो! आई अंगणातून धावत आली म्हणून हा लेख लिहितो आहे.

“नाकाचं हाड वाढलं असेल,” हे आपल्याकडचे सार्वजनिक निदान. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा हाडाचा काहीच अपराध नव्हता. दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, मऊ घोस लोंबत होते. यांना पॉलिप म्हणतात. सुश्रुताने ‘नासार्श’ सांगितला आहे. म्हणजे दुखणे आजकालचे नव्हे. डोळे आणि नाक यांच्यामधल्या हाडांच्या पोकळ्यांतले अस्तर वर्षानुवर्षे सुजत राहते आणि हळूहळू खाली उतरते. ते दुखत नाही, इथेच माणूस फसतो. नाक चोंदते, घशात शेंबूड उतरतो, डोके जड होते आणि वास केव्हा गेला ते कळतही नाही. अशा काहींना दमा असतो, त्यांतल्या काहींना ॲस्पिरिनने धाप लागते. डोकेदुखीची गोळी घेण्यापूर्वी हे डॉक्टरांना सांगावे.

मुलांत कधी गालाच्या पोकळीतून एकच पॉलिप निघतो आणि मागे घशाकडे लोंबतो. कपाळाच्या पोकळीत हाडाची गाठही असते. ती पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत अवचित सापडते.

पण एकाच बाजूचे नाक बंद असेल आणि रक्त येत असेल, तर घरगुती वाफारे घेत बसू नये. वयात येणाऱ्या मुलग्यांत रक्तवाहिन्यांनी भरलेली एक गाठ होते. ती कर्करोगाची नसली, तरी नुसता तुकडा काढायला जावे तर रक्त थांबता थांबत नाही. प्रौढांत आत वळून वाढणारी एक चामखिळीसारखी गाठ होते. ती काढली तरी पुन्हा येते आणि क्वचित कर्करोगाकडेही वळते. तेव्हा स्कॅन आणि तपासणी आधी, चिमटा नंतर.

माझे पॉलिप स्टिरॉइडच्या फवाऱ्याने थोडे आटले; उरलेले दुर्बिणीतून काढले. परत येऊ शकतात, म्हणून फवारा अजून चालूच आहे. (सौभाग्यवती त्याला ‘तुमचं अत्तर’ म्हणतात.)

यंदा आईने भाजणी परतायला घेतली आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, “आई, धने करपले!”

ती म्हणाली, “करपले नाही बापा, असेच लागतात.”